तिसरं पातं कुणासाठी?

ठोसेघरचा धबधबा बघून चाळकेवाडीच्या पठारावर आलेला पुण्या-मुंबईचा पाहुणा पवनचक्कीखाली सेल्फी काढतो आणि हमखास विचारतो, "याला पाती तीनच का असतात हो?" सोबत कुणीतरी हुशार असतोच. तो सांगतो, "तीन हा बॅलन्स्ड नंबर आहे." पाहुण्याचं समाधान होतं आणि गाडी साताऱ्याकडे वळते.

हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही, कारण ते सांगायला लागलं की पैशाचा, जमिनीचा आणि मानाचा विषय निघतो. मी पाटण तालुक्यातला. कराडला डिप्लोमा केला आणि काही वर्षं याच पवनचक्क्यांच्या शिड्या चढलो. वर जाऊन बेअरिंगला ग्रीस भरलंय, पात्याच्या मुळाशी बसून डबा खाल्लाय. तेव्हा उरलेलं अर्धं उत्तर मी सांगतो. पाती किती हे नुसतं गणितानं ठरत नाही. यंत्राच्या आसपास कोण राहतं, आणि त्या माणसाला विचारायची पद्धत आहे की नाही, यावरही ते ठरतं.

आज हे सांगायचं कारण म्हणजे समुद्रातल्या पवनचक्क्या. केंद्र सरकारने २०१५ मध्ये समुद्रातल्या पवनऊर्जेचं धोरण आणलं. २०२४ मध्ये गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी ७,४५३ कोटी रुपयांची मदत मंजूर केली. त्यामुळे जगातला एक जुना वाद आपल्याकडेही ऐकू येणार: समुद्रात तीन पाती कशाला, दोन पुरेत की! या वादातलं एक वाक्य मला टोचतं. "समुद्रात कुणी राहत नाही." हे वाक्य आम्ही सातारा-सांगलीत आधी ऐकलेलं आहे.

आधी गणित उरकू. वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही. काढली तर वारा जागीच थांबेल आणि मागचा वारा पुढे येणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभरेक वर्षांपूर्वी ही कमाल मर्यादा मांडली: ५९.३ टक्के. पाती कितीही लावा, त्यापलीकडे जाता येत नाही. मग पात्यांची संख्या काय ठरवते? वेग. जास्त पात्यांचं चक्र हळू फिरतं आणि जोर लावतं. म्हणून विहिरीतून पाणी उपसणाऱ्या जुन्या पवनचक्क्यांना डझनावारी पाती असत. त्यांना पहिल्या झुळकीलाच पंपाचा दांडा उचलायचा असे. वीज करायला मात्र वेग हवा आणि वेगाला कमी पाती मानवतात. एकाच पात्याचंही यंत्र चालतं, समोर वजन बांधावं लागतं इतकंच. जर्मनीत तशी बनवलीही होती.

दोनाची तीन पाती केली तर वीज वाढते साधारण तीन ते पाच टक्के. पातं मात्र आख्खं एक जास्त लागतं. तिन्ही पाती मिळून यंत्राच्या किमतीचा अंदाजे पाचवा हिस्सा खातात. नुसता हिशेबच करायचा तर दोन पाती घेऊन मोकळं व्हावं. मग तिसरं का?

पहिलं कारण तोल. एक लांब काठी आडवी धरून स्वतःभोवती गिरकी घ्या. मग तीच काठी उभी धरून घ्या. आडवी असताना जड जातं, उभी असताना सहज. दोन पात्यांच्या चक्राचं हेच होतं. वारा दिशा बदलतो तसं यंत्राला तोंड फिरवावं लागतं आणि तेव्हा पाती क्षणात उभी, क्षणात आडवी असतात. प्रत्येक फेरीत दोनदा हिसका बसतो. तीन पात्यांचं चक्र कुठल्याही क्षणी सारखंच जड असतं, म्हणून हिसका नाही. हा गुण ज्यात येतो ती सर्वांत लहान संख्या तीन. आपल्या सोबतच्या हुशार माणसाचं 'बॅलन्स्ड' ते हेच.

पण या दुखण्यावर औषध आहे. दोन पात्यांचं चक्र मधोमध बिजागरीवर बसवायचं, म्हणजे ते झुलतं आणि हिसका पोटात घेतं. अमेरिकेत नासाने दोन पात्यांची मोठाली यंत्रं उभारली. जर्मनीने १९८३ मध्ये 'ग्रोव्हियान' नावाचं ३ मेगावॅटचं, १०० मीटर व्यासाचं दोन पात्यांचं धूड उभं केलं. ते फार चाललं नाही, पण दोन पाती अशक्य आहेत असं त्यानं सिद्ध होत नाही. इंजिनिअर लोकांनी ठरवलं की हिसक्याचा बंदोबस्त होतो.

ज्याचा बंदोबस्त झाला नाही ते दुसरं कारण. शेजाऱ्याचे कान आणि शेजाऱ्याचे डोळे.

एक पातं कमी झालं की तेवढीच वीज काढायला उरलेल्यांना जास्त वेगाने पळावं लागतं. पात्याच्या टोकाचा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो. म्हणजे वेग सव्वापट झाला की आवाजाची शक्ती जवळजवळ तिप्पट. जमिनीवरच्या मोठ्या यंत्रांत हे टोक आजही ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरने पळत असतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात बून नावाचं गाव आहे. तिथल्या डोंगरावर १९७९ मध्ये नासाचं दोन पात्यांचं 'मॉड-१' यंत्र सुरू झालं. पाती टॉवरच्या मागच्या अंगाला होती. प्रत्येक पातं टॉवरच्या आडोशातून जाताना धप्प असा दबका आवाज येई आणि खालच्या घरांची तावदानं थरथरत. लोकांनी तक्रारी केल्या. शास्त्रज्ञ आले, मोजमापं झाली, यंत्राचा वेग मिनिटाला ३५ फेऱ्यांवरून २३ वर आणायचं ठरलं. काही वर्षांत ते यंत्रच उतरवलं गेलं. डोळ्यांचंही तसंच. तीन पाती एका लयीत फिरताना दिसतात, तर दोन पाती लांबून बघणाऱ्याला थबकत, उचक्या देत फिरल्यासारखी वाटतात. रोज खिडकीतून ते बघायचं असेल तर फरक पडतो.

आता डेन्मार्ककडे या, कारण आपल्या पठारांवरच्या यंत्रांचं घराणं तिथलं. १९५७ मध्ये योहानेस यूल यांनी गेडसर इथे २०० किलोवॅटची तीन पात्यांची पवनचक्की उभी केली आणि ती दहा वर्षं फारशी कुरकुर न करता चालली. १९७८ मध्ये ट्विंड इथे शिक्षक आणि स्वयंसेवकांनी मिळून २ मेगावॅटची तीन पात्यांची चक्की स्वतःच्या हातांनी बांधली. त्यानंतर गावोगावी शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी वर्गणी काढून पवनचक्क्या घेतल्या. एकेकाळी तिथे असा नियमच होता की शेअर घ्यायचा तर माणूस त्याच परिसरात राहणारा हवा. म्हणजे आवाज ऐकणारा आणि नफा घेणारा एकच. असा मालक कुठलं यंत्र निवडेल? जे कमी कटकट करेल ते. तीन पाती हा आज जगाचा शिरस्ता आहे, त्यात गणिताचा वाटा आहे तसाच या शेजारी मालकाचाही आहे.

आमच्याकडे काय झालं? यंत्र आलं, तिसरं पातंही आलं. ज्या शेजाऱ्याच्या कानांसाठी ते पातं लागलं, त्याची जागा मात्र रिकामी राहिली.

विसाव्या शतकाच्या शेवटी पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वर, साधारण ११५० मीटर उंचीवर यंत्रांच्या रांगा उभ्या राहू लागल्या. सुझलॉनची ३५० किलोवॅटची यंत्रं, ३३ मीटर व्यासाची. मग चाळकेवाडी. सांगली जिल्ह्यात शिराळ्याचं गुढे-पाचगणी पठार, कवठेमहांकाळचं ढालगाव. त्या काळी पवनचक्की घेणाऱ्याला यंत्राच्या किमतीचा आधी १०० टक्के आणि पुढे ८० टक्के घसारा पहिल्याच वर्षी दाखवता येई. म्हणजे ज्याला मोठा आयकर वाचवायचा आहे, त्यानं पवनचक्की घ्यावी. मालक झाले उद्योगपती, कापडवाले, सिनेमावाले. त्यांतल्या कितीजणांनी आपलं यंत्र एकदा तरी पाहिलं असेल? पातं फिरलं काय, न फिरलं काय, घसारा पहिल्याच वर्षी खिशात. अशा मालकाला पात्यांची संख्या विचारून बघा.

जमीन मिळवताना एकच शब्द वापरला गेला: पडीक. माझ्या गावात एजंट फिरले तेव्हा हाच शब्द होता. "नाहीतरी पडीकच आहे की सडा, देऊन टाका." सातबारावर पोटखराबा लिहिलं असेल, पण सड्यावर गुरं चरत होती, उतारावर नाचणी-वरी होत होती, पावसाळ्यानंतर फुलं येत होती. जी कंपनी आमच्याकडे आली तिच्या क्रेननी पाणंद उखडली. ती परत करायला आम्हाला तीन अर्ज आणि दोन पावसाळे लागले. ग्रामसभेत कुणीतरी विचारलं, "साहेब, रात्रीचा आवाज होईल का?" साहेब म्हणाले, "पंख्याचा होतो तेवढा." आवाज मोजायचं यंत्र त्यांच्याकडेही नव्हतं आणि आमच्याकडेही नव्हतं.

पठार रिकामं नव्हतं याचा पुरावा सरड्यांनी दिला. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले या संशोधकांनी चाळकेवाडीत अभ्यास केला. २०१८ मध्ये तो 'नेचर इकॉलॉजी अँड एव्होल्यूशन'मध्ये छापून आला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी इतर भागाच्या जेमतेम पाव होते. शिकारी कमी म्हणून सरडे जास्त. गळ्याखाली निळा-केशरी पंखा उघडणारा तो देखणा सरडा तुम्ही फोटोत पाहिला असेल. यंत्रांच्या भागातला तोच सरडा कमी बुजरा आणि रंगानं फिकट झाला होता. ससाणे-घारींनी पठार सोडलं आणि सरड्याचा रंग उतरला. जगभर गाजलेला हा अभ्यास आमच्या दारात झाला. आमच्या शाळेत तो मराठीत कुणी सांगितला नाही.

न सांगण्याचा परिणाम काय होतो, तेही ऐका. २००३-०४ च्या दुष्काळात साताऱ्यापासून सांगलीपर्यंत, अगदी धुळ्याकडेही एक समज पसरला: पवनचक्क्या ढग पळवतात, म्हणून पाऊस पडत नाही. माझी आजी अंगणात उभी राहून म्हणायची, "ह्या पंख्यांनीच ढग हाकललं बघ, न्हाईतर एवढा वळीव दडी मारतोय व्हय?" शहरातले लोक या समजावर हसले. हसण्याआधी एक बघा. आजीच्या घरात छताला पंखा होता, तीन पात्यांचा. तो वारा ढकलतो. डोंगरावर तसंच काहीतरी, तीनच पात्यांचं, फक्त अवाढव्य. त्यावरून तिनं जे अनुमान काढलं ते समोर दिसलेल्या गोष्टीवरून काढलेलं होतं. पंखा वारा ढकलतो आणि पवनचक्कीला वारा ढकलतो, ढग तिच्या खूप वरून जातात, आणि पाऊस मोसमी वाऱ्यांवर ठरतो, एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. कोट्यवधींचं यंत्र उभं करणाऱ्यांना ती पाच मिनिटं परवडली नाहीत. अंधश्रद्धेचा शिक्का मात्र आजीवर बसला.

इथे कुणी म्हणेल, हा गडी पवनऊर्जेच्याच विरोधात आहे. अजिबात नाही. या यंत्रांनी मला पहिला पगार दिला. कोळशाची राख चंद्रपूरच्या लोकांनी खायची आणि आपण पठाराचं सौंदर्य जपायचं, हा दुटप्पीपणा मला मान्य नाही. पण वीज स्वच्छ आहे म्हणून व्यवहारही स्वच्छ झाला, असं होत नाही. ढालगावचा परिसर बघा. डोक्यावर वीज तयार होते आणि त्याच दुष्काळी पट्ट्यात म्हैसाळ योजनेचे पंप वीजबिल थकल्यामुळे बंद पडल्याच्या बातम्या लोकांनी वर्षानुवर्षं वाचल्या. शेवटी बिलाचे ८१ टक्के सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचं ठरलं. वारा गावाचा, जमीन गावाची, आणि गावाच्या वाट्याला वॉचमनची नोकरी आणि थकीत बिल.

आता समुद्र. दोन पात्यांच्या बाजूचे मुद्दे खरेच तगडे आहेत. पातं एक कमी म्हणजे माथ्यावरचं वजन कमी, खालचा पाया हलका. दोन पात्यांचं चक्र बंदरातच जोडून जहाजावर सपाट ठेवून नेता येतं. पाती आडवी थांबवली की हेलिकॉप्टरला वर उतरायला जागा मिळते. चीनच्या मिंग यांग कंपनीने जर्मन आराखड्यावर दोन पात्यांचं ६.५ मेगावॅटचं यंत्र समुद्रासाठी बनवलंही. तरी आज समुद्रातली जवळजवळ सगळी यंत्रं तीन पात्यांचीच आहेत, कारण कारखाने, जहाजं, विमा, बँका सगळ्यांचा हात तीनवर बसला आहे. उद्या कुणी हिशेब मांडून, हिसक्याचा बंदोबस्त करून, दोन पाती निवडली तर माझी हरकत नाही. संख्येला मी चिकटून बसलेलो नाही.

माझी हरकत आहे ती यादीतल्या शेवटच्या मुद्द्याला: आवाज झाला तरी चालेल, तिथे कुणी राहत नाही. सातपाटीच्या, वसईच्या कोळ्यांना हे सांगून बघा. डोल जाळी लावणाऱ्यांच्या समुद्रात ठरलेल्या जागा असतात, त्यांना ते कव म्हणतात. कुणाची कव कुठवर, यावरून गावागावांत पिढ्यान् पिढ्या तंटे चालतात. ज्या पाण्यात लोक हद्दीसाठी भांडतात ते पाणी रिकामं कसं? मुंबई हायला १९७४ मध्ये तेल लागलं. अशा प्रत्येक फलाटाभोवती ५०० मीटरच्या आत होडीला मज्जाव असतो. तेलासाठी समुद्रात सर्वेक्षण चालतं तेव्हा मच्छीमारांना जाळी गुंडाळून बसावं लागतं. पवनचक्क्यांचा पहिला मान गुजरातचा असला तरी खंबातच्या आखातात आणि पालघरच्या पाण्यात कुणी भिंत बांधलेली नाही. तिकडे जो पायंडा पडेल तो ७२० किलोमीटरच्या आपल्या किनाऱ्यावर उतरेल. सड्याला पडीक म्हणणं आणि समुद्राला रिकामा म्हणणं, हे एकच पेन वापरून लिहिलेलं आहे.

समुद्रातही वेगळं करता येतं. कोपनहेगनच्या समोर पाण्यात मिडेलग्रुंडेन नावाचा प्रकल्प आहे. २००० साली उभा राहिलेला, प्रत्येकी २ मेगावॅटची वीस यंत्रं, तीन पात्यांची, एका सुरेख कमानीत मांडलेली. त्यातला निम्मा हिस्सा एका सहकारी संस्थेचा आणि तिचे सभासद आठ हजारांहून जास्त. सहकारी संस्था! साखर, दूध, सूत, पतपेढी असं सगळं सहकारात करून दाखवल्याचा अभिमान बाळगणाऱ्या सांगली-साताऱ्यात वाऱ्याची एकही मोठी सहकारी संस्था उभी राहू नये? आमच्या नेत्यांना उसाच्या कांड्यात सत्ता दिसली, पात्यात दिसली नाही. पवनचक्कीखालच्या जमिनींच्या हक्काचा प्रश्न लावून धरला तो भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलासारख्या चळवळींनी. कारखान्यांच्या संचालक मंडळांना त्याची गरज वाटली नाही.

हे सगळं जुनं उकरून काढायचं कारण, संधी पुन्हा दारात आली आहे. वनकुसवडे-चाळकेवाडीची पहिली यंत्रं म्हातारी झाली. त्यांच्या जागी मोठी यंत्रं बसवण्याचं, म्हणजे 'रीपॉवरिंग'चं, केंद्राचं धोरण २०१६ मध्ये आलं आणि २०२३ मध्ये सुधारलं गेलं. आज बाजारात ३ मेगावॅटची, १४४ मीटर व्यासाची यंत्रं आहेत. ३५० किलोवॅटच्या आठ-नऊ यंत्रांचं काम एक करतं. त्याच्या एका चक्राचा पसारा जुन्या एकोणीस चक्रांएवढा. टॉवर कमी होतील ही चांगली गोष्ट आहे. पण नवे रस्ते, नवे पाये, नव्या सह्या लागतील. म्हणजे यावेळी आपल्याला किंमत सांगता येईल.

ती अशी सांगावी. एक, आवाज. २०१६ च्या केंद्राच्या सूचनांत यंत्र घरापासून किमान ५०० मीटर लांब हवं असं म्हटलं होतं, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. यंत्र बसण्याआधी आणि नंतर रात्रीचं मोजमाप व्हावं आणि आकडे चावडीवर लागावेत. दोन, वाटा. एकरकमी मोबदल्यावर भागवू नये. दर युनिटमागे ग्रामपंचायतीला हिस्सा किंवा गावाच्या संस्थेला मालकीत भाग, यांतलं काहीतरी करारात यावं. तीन, जुनं उचलणं. पाती काचतंतूंची असतात, लोखंडासारखी वितळवून परत वापरता येत नाहीत. ती आणि पायाचं काँक्रीट कोण, कुठे, कधी नेणार हे सही करण्याआधी लिहून घ्यावं. आणि समुद्रासाठी चौथी: निविदा निघण्याआधी कवींचा नकाशा मच्छीमारांसोबत बसून व्हावा.

यातलं एकही काम अवघड नाही. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. या चारही दिवशी सुट्टी असते. पाटण, जावळी, शिराळा, कवठेमहांकाळ, जतमधली तुमच्यासारखी हजारो पोरं त्या दिवशी पुण्यात रूमवर झोपलेली असतात. रात्रीची एसटी पकडा. सातबारा आणि जुना करार फोनमध्ये फोटो काढून ठेवा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आठवडाभर आधी लेखी पत्र देऊन विषयपत्रिकेवर पवनचक्कीचा विषय घ्यायला लावा, ठराव लिहून घ्या आणि त्याची नक्कल सही-शिक्क्यासह हातात आल्याशिवाय पुण्याची गाडी पकडू नका.